जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचे ब्रेक बदलताना: शू सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न असा: १९६४ सालचा, एकाच ॲक्सलचा, सोळा फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतला आहे. आधीच्या मालकाने ब्रेकच्या वायरी कापून ठेवल्या आहेत. जॅकवर उचलून चाक फिरवलं की एका बाजूला घासल्याचा आवाज येतो. नुसते शू आणि मॅग्नेट बदलून भागेल का, की सगळं काढून नवं बसवावं? बसवायचंच तर डिस्क ब्रेक का नकोत? आणि हे घरी जमेल का?

घरी जमेल. सगळं काढून नवं बसवा. या वजनाच्या ट्रेलरला डिस्कची गरज नाही. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण नवे चकचकीत ब्रेक बसवूनही न थांबणारे ट्रेलर मी बरेच पाहिले आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत दोष शूमध्ये नव्हता. तो वायरीत होता, अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट परत जायच्या वाटेत, होता, नाहीतर ड्रमच्या आतल्या पृष्ठभागात होता. म्हणून आधी हा ब्रेक लागतो कसा ते नीट समजून घ्या.

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरवर बहुतेक करून इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक असतात. हे तंत्र नवं नाही, विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावात वॉर्नर इलेक्ट्रिक ही कंपनी १९२७ पासून याच कामात होती. तुमच्या ट्रेलरच्या पिढीवर वॉर्नर किंवा केल्सी-हेज यांचे ब्रेक सापडतात. रचना आजच्या ब्रेकसारखीच आहे. चाकाबरोबर फिरणारा ड्रम, त्याच्या आत न फिरणाऱ्या बॅकिंग प्लेटवर दोन शू, म्हणजे लायनर लावलेल्या आणि ड्रमला आतून दाबणाऱ्या वक्र पट्ट्या, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा, खाली दातेरी चाकाचा ॲडजस्टर आणि एका लोंबत्या लिव्हरच्या टोकाला विद्युतचुंबक, म्हणजे मॅग्नेट. करंट आला की मॅग्नेट ड्रमच्या आतल्या सपाट लोखंडी चकतीला चिकटतो. या चकतीला आर्मेचर म्हणतात. ड्रम फिरत असतो, त्यामुळे चिकटलेला मॅग्नेट त्याच्याबरोबर ओढला जातो, लिव्हर सरकतो आणि लिव्हरच्या वरच्या टोकाची कॅम पुढच्या शूला ड्रमवर दाबते. ड्रम त्या शूलाही ओढतो, तो ॲडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो आणि खरा जोर मागचा शू लावतो. म्हणूनच मागच्या शूचं लायनर लांब असतं आणि पुढच्याचं आखूड.

मॅग्नेट स्वतः ट्रेलर थांबवत नाही, तो फक्त सुरुवात करून देतो. त्याची पकड अर्धी झाली की ती सगळी साखळी ढिली पडते, शू कितीही नवे असोत. पकड दोन गोष्टींवर ठरते: त्याच्यापर्यंत पोचणारा करंट आणि आर्मेचरचा सपाटपणा. या दोन्हींकडे ब्रेक बदलताना सगळ्यात कमी लक्ष जातं.

करंटचा हिशेब एकदा मांडून बघा. १० इंची आणि १२ इंची ब्रेकच्या मॅग्नेटचा रोध साधारण ३.२ ओहम असतो. तुमच्याकडे दोन चाकं, दोन मॅग्नेट समांतर जोडलेले, म्हणजे एकूण १.६ ओहम. पूर्ण १२ व्होल्ट पोचले तर साडेसात अँपियर वाहायला हवेत. आता वाटेत गंजलेले जोड, बारीक वायर आणि रंगाच्या थरावर आवळलेली अर्थिंग मिळून फक्त अर्धा ओहम वाढला असं धरा. एकूण २.१ ओहम झाले आणि करंट ५.७ अँपियरवर आला. अर्ध्या ओहमने पाव करंट खाल्ला, आणि मॅग्नेटची पकड त्याहूनही जास्त घटते. गंमत म्हणजे अशा वायरीवर टेस्ट लँप लावला तर तो व्यवस्थित पेटतो, कारण त्याला करंट लागतोच किती! मल्टिमीटरही उघड्या टोकावर १२ व्होल्ट दाखवेल. लोक तेवढं बघून वायरिंग चांगलं आहे म्हणतात. तपासायचं ते मॅग्नेट जोडलेले असताना, करंट वाहत असताना.

आता तुमच्या ट्रेलरकडे. शू मागवण्याआधी ॲक्सल ठेवण्यासारखा आहे का ते ठरवा. १९६४ चा लहान ट्रेलर म्हणजे बहुधा पाट्यांवरचा, म्हणजे लीफ स्प्रिंगवरचा, सरळ ॲक्सल असेल. पाट्यांची बुशिंगं, शॅकल, पाट्यांमधली तडकलेली पानं बघा. ट्रेलर सपाट जागी उभा करून मागून पाहा, दोन्ही चाकांचा कल सारखा आहे का. टायर एका कडेने झिजलेला असेल तर ॲक्सल वाकलेला असण्याची शक्यता मोठी. एअरस्ट्रीम कंपनीचा ट्रेलर असता तर वेगळं सांगितलं असतं. त्यांनी १९६१ पासून रबरी टॉर्शन ॲक्सल वापरले, त्यांत पाट्यांऐवजी नळीतलं रबर पिळलं जाऊन धक्के झेलतं. त्यातलं रबर काही दशकांत कडक होऊन बसतं. ट्रेलर जमिनीवर उभा असताना चाकाचा आर्म आडव्या रेषेच्या वर गेलेला दिसला तर तो ॲक्सल संपला. अशा वेळी जुन्या ॲक्सलवर नवे ब्रेक लावणं म्हणजे दोनदा खर्च, कारण नवा ॲक्सल मागवला की ब्रेक, ड्रम, बेअरिंग सगळं जोडूनच येतं.

ट्रेलर उचलताना जॅक ॲक्सलच्या नळीखाली लावू नका. नळी वाकते, आणि वाकलेली डोळ्यांना दिसत नाही, टायर झिजल्यावर कळते. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून अडवणारे ठोकळे लावा, चासीला ॲक्सलच्या जवळ जॅक लावा आणि लगेच चासीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रेलरखाली हात घालू नका. ट्रेलर जॅकवर चढवण्याआधी चाकाचे नट थोडे सैल करून घ्या. काही जुन्या ॲक्सलवर डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. नट हलत नसेल तर लांब पाइप लावून जोर करण्याआधी स्टडच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं आहे का ते घासून बघा.

ड्रम निघत नसेल तर हातोडी उचलण्याआधी मागे जा. बॅकिंग प्लेटच्या खालच्या भागात एक लांबट भोक असतं, त्यावर रबरी टोपण असतं किंवा होतं. त्यातून ॲडजस्टरचे दात फिरवून शू आत घ्या. तुमच्याकडे घासण्याचा आवाज येतो आहे, म्हणजे एकतर शू गंजून ड्रमला टेकले आहेत, नाहीतर लायनर शूपासून सुटून आत अडकलं आहे. चिकटवलेलं लायनर इतक्या वर्षांनी सुटणं अगदी नेहमीचं आहे. ड्रमच्या तोंडाशी झिजेची कड उभी राहिलेली असते आणि शू तिला अडकतात, तोही एक त्रास.

इथे एक गोष्ट अगदी गंभीरपणे घ्या. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. ड्रम काढल्यावर आत जी काळपट भुकटी दिसते ती कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका, घरच्या व्हॅक्युम क्लीनरने ओढू नका. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने आधी पूर्ण भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकी ओली असतानाच पिशवीत बंद करा. सूक्ष्म तंतू अडवणारा योग्य दर्जाचा मास्क लावा आणि मुलांना त्या वेळी आसपास येऊ देऊ नका. पुढची सगळी कामं चुकली तर दुरुस्त करता येतात, फुप्फुसात गेलेले तंतू परत काढता येत नाहीत.

ड्रम हातात आला की बेअरिंग काढा आणि ग्रीस पुसून स्पिंडल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा बेअरिंग बसणारा दांडा, स्वच्छ करा. संपूर्ण कामातली सगळ्यात महत्त्वाची मोजणी इथे आहे, म्हणून व्हर्निअर कॅलिपर लागेलच. आतलं बेअरिंग बसतं तिथला व्यास, बाहेरचं बसतं तिथला आणि सील टेकतं तिथला, असे तीन व्यास लिहून घ्या. आजच्या ३५०० पाउंडी ॲक्सलवर सर्रास आढळणाऱ्या स्पिंडलची मापं १.३७५ इंच, १.०६३ इंच आणि १.७१९ इंच अशी असतात. त्यावर आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ ही बेअरिंगं बसतात. तुमची मापं जुळली तर नवा, तयार ड्रम सहज मिळेल. जुळली नाहीत तर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वाचा. बेअरिंगचे क्रमांक कंपन्या बदलल्या तरी तेच राहतात, ते लिहून घेतलं की साठ वर्षं जुन्या स्पिंडललाही बेअरिंग मिळू शकतं.

स्पिंडलवर बेअरिंगच्या जागी निळसर-जांभळा रंग आलेला असेल तर ते कधीतरी प्रचंड तापलेलं आहे. खोल ओरखडे असतील, आतली रिंग त्यावर गोल फिरल्याच्या खुणा असतील, तर ॲक्सल बदला. सील टेकतं त्या जागी नखाला लागेल अशी खाच असेल तर मात्र घाबरू नका, त्यावर बसवायची पातळ बाही मिळते.

आता बॅकिंग प्लेट जिथे बोल्टने बसते तो फ्लँज बघा. आजच्या १० इंची ब्रेकला चार बोल्ट असतात आणि १२ इंचीला पाच. जुन्या ॲक्सलवर फ्लँज याच मापाचा असेल असं गृहीत धरू नका. भोकांमधलं अंतर आणि मधल्या गोलाचा व्यास मोजा. त्याचबरोबर ड्रमची खोली मोजा. त्या काळात १० इंची ड्रममध्ये दीड इंच रुंदीचे शू वापरत. आजच्या ३५०० पाउंडी ॲक्सलवर १० इंच बाय सव्वादोन इंच हे माप चालतं, आणि ते कमी खोलीच्या जुन्या ड्रममध्ये मावत नाही. म्हणून बॅकिंग प्लेट आणि ड्रम हे जोडीने ठरवायचे. चाकाचे बोल्टही मोजा. पाच बोल्ट साडेचार इंची वर्तुळावर आहेत की पाच इंची, यावर नवा ड्रम तुमच्या चाकाला बसेल की नाही ते ठरतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

शू आणि मॅग्नेटच बदलावेत, की पूर्ण असेंब्ली? मी पूर्ण असेंब्लीच्या बाजूचा आहे आणि त्याला कारण आहे. साठ वर्षांच्या स्प्रिंगांचा ताण गेलेला असतो, लिव्हरचं भोक लांबट झालेलं असतं, कॅम झिजलेली असते, बॅकिंग प्लेटवर शू ज्या उंचवट्यांवर सरकतात तिथे खळगे पडलेले असतात. नवा शू त्या खळग्यात अडकतो आणि ब्रेक सोडल्यावर परत येत नाही. तयार असेंब्लीत प्लेट, शू, मॅग्नेट, स्प्रिंगा, ॲडजस्टर सगळं बसवलेलं येतं. हे सगळे भाग सुटे गोळा केले तर बहुधा जास्तच पैसे जातात. आणि निवड असेल तर पुढे जाताना आपोआप ॲडजस्ट होणारे ब्रेक घ्या. ट्रेलरखाली झोपून दातेरी चाक फिरवणं लोक टाळतात, मी वर्षानुवर्षं पाहतो आहे.

जुना ड्रम ठेवायचाच असेल तर दोन तपासण्या. १० इंची ड्रम आतून १०.०९० इंचांपेक्षा मोठा झालेला नको, १२ इंची १२.०९० पेक्षा नको. ही मर्यादा बऱ्याचदा ड्रमवरच ओतलेली असते. दुसरी तपासणी आर्मेचरची. त्यावर पोलादी पट्टी आडवी धरा आणि मागून उजेड टाका. फट दिसली, खोल चऱ्या दिसल्या, तर लेथवर घासून घ्यावा लागेल, आणि आर्मेचर घासला की मॅग्नेट नवाच लावायचा. झिजलेला मॅग्नेट जुन्या चऱ्यांशी जुळलेला असतो, सपाट आर्मेचरवर तो नीट टेकणार नाही. पण खरं सांगायचं तर ड्रम नवा मिळत असेल तर नवाच घ्या.

नवे बोल्ट, नवे स्प्रिंग वॉशर. ३/८ इंची बोल्टला ३० ते ५० फूट-पाउंड टॉर्क द्या. बसवताना डावं-उजवं नीट पाहा. डावी बाजू म्हणजे पुढे तोंड करून उभं राहिल्यावरची डावी, अमेरिकेत तिथे ड्रायव्हर बसतो ती. आखूड लायनरचा शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला यायला हवा. उलट बसले तरी ब्रेक लागतात, म्हणूनच ही चूक लपून राहते, फक्त पुढे जाताना ते अर्धवट जोराने लागतात. बसवून झाल्यावर दोन्ही बाजूंना जाऊन आखूड लायनर कुठे आहे ते परत बघा.

बेअरिंगमध्ये घट्टपणात एनएलजीआय २ दर्जाचं, जास्त दाब सहन करणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस भरा. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढा, दोन प्रकारची ग्रीसं एकमेकांत मिसळली की कधीकधी पातळ होऊन वाहतात. बेअरिंगची बाहेरची रिंग ड्रममध्ये नवीच ठोकायची, जुन्या रिंगवर नवं बेअरिंग नको. सील नवं. ग्रीसचं बोट लायनरला किंवा आर्मेचरला लागू देऊ नका, लागलंच तर ब्रेक क्लीनरने लगेच पुसा. ग्रीसमध्ये भिजलेलं लायनर मात्र फेकायचंच, ते धुऊन सुधारत नाही.

स्पिंडलचा नट आवळणं ही वेगळी कला आहे. ड्रम हाताने फिरवत ठेवून नट साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत आवळा, म्हणजे बेअरिंग जागेवर बसेल. मग ड्रम न फिरवता नट पूर्ण सैल करा. आता फक्त बोटांनी, घट्ट लागेपर्यंत फिरवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित मागे घ्या, पुढे कधीही नाही. मोटारगाड्यांच्या सीलबंद बेअरिंगची सवय असलेले लोक हा नट करकचून आवळतात, आणि काही तासांच्या प्रवासात बेअरिंग जळतं.

आता वायरिंग. तुमच्या वायरी कापलेल्या आहेत ही खरं तर चांगलीच गोष्ट म्हणायची, कारण जुन्या वायरींवर विश्वास ठेवण्याचा मोह होणार नाही. पुढच्या जोडणीपासून ॲक्सलपर्यंत १२ गेजची नवी तांब्याची वायर टाका. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, हे मागवताना ध्यानात असू द्या. सात पिनांच्या जोडणीत ब्रेकची वायर निळी असते, अर्थिंगची पांढरी. पण हे आजचे रंग झाले. जुन्या ट्रेलरच्या भिंतीत कोणता रंग कशासाठी वापरला आहे, हे प्रत्येक वायर मीटरने तपासल्याशिवाय धरून चालू नका.

मॅग्नेटला दोन वायरी असतात आणि त्यांना प्लस-मायनस नसतं. एक निळीला जोडायची, दुसरी अर्थिंगला. अर्थिंग चासीच्या भरवशावर सोडू नका. दोन्ही मॅग्नेटची अर्थिंग वायर स्वतंत्रपणे पुढच्या जोडणीच्या पांढऱ्या वायरीपर्यंत न्या आणि चासीलाही एका ठिकाणी, रंग खरवडून उघड्या लोखंडावर, जोडा. ट्रेलरच्या हिचचा, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्याचा, गोळा हा काही अर्थिंगचा मार्ग नाही. त्यावर ग्रीस असतं आणि तो खळखळत असतो.

एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे वायर नेताना कारखान्यात ती ॲक्सलच्या पोकळ नळीतून ओवलेली असते. आत ती वर्षानुवर्षं हिंदकळून नळीला घासते, आवरण फाटतं आणि शॉर्ट होतो. हा शॉर्ट फार त्रास देतो. थांबलेल्या ट्रेलरवर सगळं ठीक आढळतं, खड्ड्यात गेल्यावर गाडीतला कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना किती करंट द्यायचा ते ठरवणारं यंत्र, चूक दाखवतो. नवी वायर नळीच्या बाहेरून, संरक्षक नळीत घालून, क्लँपने बांधून न्या. जोड क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवा. वायरीचं आवरण टोचून जोडणारे निळे-लाल प्लॅस्टिकचे चिमटे ट्रेलरखाली वापरू नका. चाकाने उडवलेलं पाणी त्यांत जातं आणि पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर तोच अर्धा ओहम तयार होतो.

एवढं झाल्यावर मोजायचं. मॅग्नेट सुटा असताना रोध ३.२ ओहमच्या आसपास हवा. फारच कमी आला तर आतलं वेटोळं शॉर्ट आहे, अनंत आला तर तुटलेलं. एक टोक मॅग्नेटच्या लोखंडी अंगाला लावून मोजा, तिथे काहीच जोडणी दिसता कामा नये. मग सगळं जोडून, कंट्रोलरमधून पूर्ण ब्रेक देऊन, निळ्या वायरीवरचा करंट मोजा. दोन मॅग्नेटला सात अँपियरच्या आसपास मिळाले तर काम झालं. पाच मिळाले तर जोडांकडे परत जा. जवळपास साडेतीन मिळाले तर एक चाक मेलेलं आहे. मीटर नसेल तर साधं होकायंत्र ड्रमजवळ धरा आणि कुणाला तरी ब्रेक लावायला सांगा. सुई झटक्यात वळली तर मॅग्नेटला करंट मिळतो आहे. किती मिळतो ते मात्र सुई सांगत नाही.

ब्रेकअवे स्विचबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून मीच विषय काढतो. ट्रेलर गाडीपासून सुटला तर एका दोरीने पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. १९६४ च्या ट्रेलरवर हा स्विच नसेल किंवा असला तरी गंजलेला असेल. नवा लावा, बॅटरी चार्ज होत राहील अशी जोडा. अमेरिकेतल्या व्यापारी वाहनांच्या संघीय नियमात सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेले राहावेत अशी अट आहे, आणि अनेक राज्यांनी तिला धरूनच आपले नियम केले आहेत. ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे, हेही राज्यागणिक बदलतं. बऱ्याच ठिकाणी ३००० पाउंड, कॅलिफोर्नियात मात्र अशा राहण्याच्या ट्रेलरला १५०० पाउंड. सामान आणि पाणी भरल्यावर तुमचा ट्रेलर ३००० पाउंडांच्या आसपास जाईल, तेव्हा ही चर्चा तुमच्यापुरती संपली.

स्विचची दोरी सुरक्षा साखळीला किंवा हिचच्या निघणाऱ्या भागाला बांधू नका, गाडीच्या पक्क्या भागाला बांधा. हिच निसटली तर दोरी तिच्याबरोबरच यायची आणि पिन ओढलीच जायची नाही. तपासताना आधी सात पिनांची जोडणी गाडीपासून काढा, नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलट्या वाटेने कंट्रोलरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो. पिन ओढा, चाक हाताने फिरतं का बघा, लगेच पिन परत घाला. मॅग्नेट पूर्ण करंटवर ताटकळत ठेवले तर तापतात.

कंट्रोलर गाडीच्या वेग कमी होण्याच्या प्रमाणात ब्रेक देणारा घ्या. वेळेनुसार करंट वाढवत नेणारे स्वस्तातले कंट्रोलर हलक्या ट्रेलरला झटके देतात. ट्रेलरबरोबर केल्सी-हेजचा जुना, गाडीच्या ब्रेकच्या तेलाच्या पाइपला जोडायचा कंट्रोलर मिळाला असेल तर तो आठवण म्हणून ठेवा, आजच्या गाडीच्या ब्रेकच्या पाइपला जोड देऊ नका. एबीएस असलेल्या गाडीत तसं करणं धोक्याचं आहे.

चाक लावण्याआधी शू ॲडजस्ट करा. ड्रम फिरणं जड होईपर्यंत ॲडजस्टर वाढवा, मग सुमारे दहा दात मागे घ्या, म्हणजे अगदी हलका घासल्याचा आवाज राहील. दोन्ही बाजू सारख्या हव्यात. अर्ध्या इंची स्टडच्या चाकाच्या नटांना ९० ते १२० फूट-पाउंड, समोरासमोरचे नट एकेक करत, टप्प्याटप्प्याने. १०, २५ आणि ५० मैलांनंतर टॉर्क पुन्हा तपासा. हे न केल्याने चाक निघून गेलेले ट्रेलर रस्त्याकडेला मी पाहिलेले आहेत.

नवं लायनर आणि नवा ड्रम पहिल्या दिवशी जोर लावत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० मैलांच्या वेगाने जाताना कंट्रोलरचं हाताचं बटण दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा, वेग २० वर येऊ द्या, सोडा, परत वेग घ्या. असं वीस ते तीस वेळा, मध्ये थोडं थंड होऊ देऊन. वास येईल, तो येणारच. मग ताशी २० ते २५ मैलांवर, कोरड्या सपाट रस्त्यावर, कंट्रोलरचा जोर हळूहळू वाढवत न्या. ट्रेलरची चाकं घसरू लागली की किंचित कमी करा, तीच तुमची जागा. थांबून दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ, म्हणजे हबजवळ, हात न्या, पण आधी हात लावू नका, नुसती धग जाणवते का बघा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे जास्त गरम असेल तर त्या बाजूचा शू घासतो आहे किंवा बेअरिंग घट्ट आहे. २०० मैलांनंतर ॲडजस्टमेंट पुन्हा बघा. साधे ब्रेक असतील तर त्यापुढे दर ३००० मैलांना. बेअरिंग वर्षातून एकदा उघडा, ट्रेलर फारसा फिरला नसला तरी. उभ्या ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये ओल बसते.

राहिला डिस्कचा प्रश्न. डिस्क उत्तम थांबवतात, ओल्या रस्त्यावर लवकर सावरतात, हे खरं. पण त्यांना तेलाचा दाब लागतो. ट्रेलरवर वेगळा पंप बसवावा लागतो, जो साधारण १६०० पीएसआय दाब देईल, शिवाय पाइप, होज आणि तेल बदलण्याचं काम वाढतं. दोन ॲक्सलचा, डोंगराळ भागात हिंडणारा जड ट्रेलर असता तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या ट्रेलरला नीट वायरिंग केलेले १० इंची ड्रम चाकं घसरवण्याइतका जोर देतात, त्यापलीकडचा जोर टायर वापरूच शकत नाही.

मागवण्याआधी मला स्पिंडलचे तीन व्यास, बेअरिंगवरचे क्रमांक, फ्लँजच्या भोकांची संख्या आणि अंतरं, चाकाच्या बोल्टचं वर्तुळ आणि ॲक्सलच्या नळीचा व्यास एवढं कळवा. ॲक्सलवर वजनाची पट्टी शिल्लक असेल तर तिचा फोटोही पाठवा. तेवढ्यावरून कोणता ड्रम आणि कोणती असेंब्ली बसेल ते सांगता येईल.